सेवेसह घर: आईसाठी जागा बघायला जाल तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ८३ वर्षांची, एकटी राहते. डोकं तल्लख आहे, पण वर्षभरात वजन उतरलंय, चाल मंदावलीय. दोनदा पडली. दुसऱ्यांदा रात्री बाथरूमच्या दाराशी पडली आणि सकाळपर्यंत तिथेच होती. आता घरी दिवसरात्र माणूस ठेवायचा, की स्वतःचा छोटा फ्लॅट आणि त्याच आवारात परिचारिका-मदतनीस असतात अशा ठिकाणी तिला हलवायचं? भाऊ म्हणतो, 'आईला वृद्धाश्रमात टाकायचं नाही.' आणि अशा जागा बघायला गेल्यावर नेमकं बघायचं तरी काय?

ताई, माझं रोजचं काम हेच आहे. प्रवेशाआधी त्या व्यक्तीची तपासणी करणं, तिला किती आणि कुठली मदत लागेल ते ठरवणं, आणि नंतर ती मदत नीट मिळतेय ना यावर लक्ष ठेवणं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी भावाच्या म्हणण्याबद्दल. त्याच्या डोळ्यांसमोर आहे ती ओळीने मांडलेल्या खाटांची खोली, ठरल्या वेळी उठायचं, ठरल्या वेळी दिवे बंद. त्याच चित्राला कंटाळून हा दुसरा प्रकार निघाला. अमेरिकेत ओरेगन राज्यात केरेन ब्राउन विल्सन यांनी १९८३ मध्ये असं पहिलं निवास सुरू केलं. त्यांची स्वतःची आई पक्षाघातानंतर नर्सिंग होममध्ये (आपल्याकडचं छोटं रुग्णालय नव्हे, तर परिचारिकांच्या देखरेखीखाली कायम राहायची संस्था) अडकली होती, आणि तिला हवं होतं ते साधं होतं: छोटी जागा, स्वतःचं स्वयंपाकघर, आणि कुलूप लावता येईल असं दार. डेन्मार्कने तर १९८७ च्या कायद्याने जुन्या पद्धतीची नवी नर्सिंग होम बांधणंच थांबवलं आणि वृद्धांसाठी स्वतंत्र घरं बांधून सेवा त्या घरांपर्यंत न्यायचं धोरण घेतलं. मूळ कल्पना एवढीच: घर तुमचं, दार तुमचं, आणि मदतीला येणारा माणूस दारावर टकटक करून आत येणार.

पण पाटीवर काय लिहिलंय यावर जाऊ नका. जपानचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे २०११ मध्ये कायदा बदलून 'सेवेसह वृद्धनिवास' असा नोंदणीकृत प्रकार आणला. खोली किती चौरस मीटरची हवी, तेही ठरवून दिलं. पण त्यात सक्तीच्या सेवा दोनच: रहिवासी ठीक आहे ना याची विचारपूस, आणि अडीअडचणीला सल्ला. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, रात्री उठवणं ही सेवा वेगळी ठरवावी लागते. नावात 'सेवा' असली म्हणजे आईला हवी ती सेवा त्यात आहे, असं कुठेच गृहीत धरू नका.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही जे वर्णन केलंय त्याला आम्ही जराजर्जरता म्हणतो. डॉक्टर मंडळी सरळ 'फ्रेल' म्हणतात. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. यातल्या तीन असल्या की माणूस फ्रेल. तुमच्या पत्रात दोन स्पष्ट दिसतात, बाकीच्या तुम्ही तपासा. पकडीसाठी बरणीचं झाकण पुरे. चालीसाठी जमिनीवर चार मीटर मोजा आणि नेहमीच्या वेगाने चालायला सांगा. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद आहे.

दुसरी एक मोजपट्टी आम्ही रोज वापरतो. केनेथ रॉकवूड यांच्या गटाने कॅनडात २००५ मध्ये मांडलेली, आता ९ पायऱ्यांची. पाचव्या पायरीवर माणसाला पैशांचे व्यवहार, औषधं, बाहेरची कामं यात मदत लागते. सहाव्यावर जिने आणि आंघोळ. सातव्यावर स्वतःच्या शरीराच्या सगळ्याच कामांसाठी दुसरा माणूस लागतो. सेवेसह घराचा खरा उपयोग पाच आणि सहा या पायऱ्यांवरच्या माणसांना होतो. आई तिथेच कुठेतरी असावी असं वाटतं, पण पत्रावरून पायरी ठरवत नाहीत.

पायरीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की जर्जर माणूस एका पायरीवर स्थिर राहत नाही. त्याच्याकडे शिल्लक कमी असते. तरुण माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर तो दोन दिवस कुरकुरतो. आईला तोच संसर्ग झाला तर ती गोंधळेल, पडेल, आठवडाभर अंथरुणातून उठणार नाही. आणि अंथरूण स्वतःच एक आजार आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो स्नायूंचं वजन गेलं. हे आजारी नव्हते, हे लक्षात घ्या. ८३ व्या वर्षी, आधीच वजन उतरलेलं असताना काय होईल याचा अंदाज करा.

म्हणून जागा बघताना माझा एकच निकष असतो आणि बाकी सगळे प्रश्न त्यातून निघतात: वाईट दिवशी इथली मदत काही तासांत वाढते का, आणि माणूस सावरला की ती मदत परत कमी होते का? पहिलं जमत नसेल तर आई प्रत्येक छोट्या आजारात रुग्णालयात जाईल. दुसरं जमत नसेल तर वर्षभरात ती व्हीलचेअरवर असेल, आणि सगळे म्हणतील, 'वय झालं'.

घरी माणूस ठेवण्याचा पर्यायही याच निकषावर घासून बघा. दिवसरात्रीचा एकच अटेंडंट म्हणजे रात्री झोपलेला अटेंडंट. दिवसभर राबलेला माणूस रात्री जागाही राहील ही अपेक्षाच चुकीची. तो सुटीवर गेला, आजारी पडला, न सांगता निघून गेला की सगळं तुमच्यावर येतं. दोन पाळ्यांची दोन माणसं आणि बदली तिसरं, एवढी तजवीज असेल, घरात कुणीतरी आपलं माणूस राहत असेल, शेजार चांगला असेल, तर घर उत्तम. मी स्वतः बऱ्याच कुटुंबांना घरीच ठेवा असं सांगते. विशेषतः स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला असेल आणि माणूस त्याच्या ओळखीच्या भिंतींच्या आधाराने वावरत असेल, तर उगाच हलवू नये. तुमच्या आईचं तसं नाही. तिचं डोकं शाबूत आहे, ती एकटी आहे, आणि तिला दिवसाचे चोवीस तास माणूस नको आहे. तिला हवी आहे दिवसातून दोन-तीन वेळा थोडी मदत आणि रात्री हाकेला ओ देणारं कुणीतरी. एका घरासाठी हे परवडत नाही, चाळीस-पन्नास घरांनी मिळून ते परवडतं. अशा निवासाचं सगळं गणित हेच.

आणि जायचंच असेल तर लवकर. आमच्याकडे बहुतेक लोक खुब्याचं हाड मोडल्यावर येतात, रुग्णालयातून थेट. तेव्हा नवी जागा शिकायची ताकद उरलेली नसते. स्वतःच्या पायांनी जाऊन जेवणघर कुठे, बाग कुठे, शेजारीण कोण हे शिकता येतंय तोवर आलेला माणूस तिथे रुजतो.

आता प्रत्यक्ष भेटीबद्दल. सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी सगळीकडे फुलं ताजी असतात आणि व्यवस्थापक मोकळे असतात. रात्री साडेआठ-नऊला जा, जमलं तर न सांगता. रात्री इथे जागं कोण असतं, किती जण, किती मजल्यांसाठी, हे विचारा. 'सिक्युरिटी असते' हे उत्तर नाही. परिचारिका आवारात असते की फोनवर? बेल दाबल्यापासून माणूस दारात यायला किती वेळ लागतो, आणि तो वेळ नोंदवला जातो का? जिथे नोंद होते तिथे वही किंवा स्क्रीन दाखवतात. जिथे नुसतं 'लगेच येतात' म्हणतात, तिथे खोलीतली बेल तुम्हीच दाबा आणि घड्याळ बघा. थोडं अवघडल्यासारखं होईल, पण दाबा.

मी रात्रीवर एवढा जोर का देते? आईचा रात्रीचा बाथरूमपर्यंतचा प्रवास एकदा डोळ्यांसमोर आणा. मूत्राशयाने उठवलंय, त्यामुळे घाई आहे. ती झटकन उठून बसते आणि लगेच उभी राहते. रक्तदाब खाली येतो, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी. दिव्याचं बटण पलंगापासून चार पावलांवर. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, त्यामुळे खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा तिला उपयोग नाही. एका पायात चप्पल गेली, दुसऱ्यात अर्धीच. वॉकर कोपऱ्यात, कारण दिवसा कुणीतरी झाडताना बाजूला ठेवला. बाथरूमला उंबरठा आहे. दार आत उघडतं, म्हणजे ती आत पडली तर तिच्याच अंगाने ते अडणार. आधाराला हात घालते तो टॉवेलच्या दांडीला, आणि ती दांडी टॉवेलचंच वजन पेलण्यापुरती असते. यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे. पडायला त्यातल्या दोन पुरतात.

म्हणजे जागा बघताना हाच रस्ता तुम्ही स्वतः चालून बघायचा, दिवे घालवून. पलंगावर पडून हात लांब करा: बटण लागतं का? पायाच्या उंचीवर आपोआप लागणारा मंद दिवा आहे का? उंबरठा नको. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, आणि मोकळी रुंदी निदान ८० सेंटिमीटर. कमोडची बैठक ४३ ते ४८ सेंटिमीटर उंच, बाजूला भिंतीत पक्की बसवलेली दांडी, जिच्यावर तुम्ही स्वतःचं सगळं वजन टाकून बघायचं. व्हीलचेअर वळायला दीड मीटरचा गोल लागतो. आज ती लागत नाही म्हणून सोडून देऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, बेलची दोरी जमिनीपर्यंत लोंबते का? बहुतेक ठिकाणी ती व्यवस्थित गुंडाळून वर खोचलेली असते, फरशी पुसताना ओली होते म्हणून. जमिनीवर पडलेल्या माणसाला ती शोभेपुरतीच. एक तासाहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहणं हे पडण्याइतकंच घातक: स्नायू दबून झिजतात, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, अंगातलं पाणी कमी होतं, दाबाने जखमा होतात. तुमच्या आईने ती रात्र काढली आहे. पुन्हा तसं होऊ नये यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

एवढं झाल्यावर उलट बाजू, जी कुटुंबं क्वचितच बघतात. जास्तीची मदत.

सकाळी एक आजोबा सदऱ्याची बटणं लावतायत. बोटं थरथरतात, वरचं बटण काजात शिरत नाही, सुटतं, ते पुन्हा धरतात. समोर मदतनीस उभी आहे आणि तिला अजून सहा खोल्या उरकायच्या आहेत. ती पुढे होते, 'द्या आजोबा, मी लावते', आणि अर्ध्या मिनिटात सगळी बटणं लागतात. मनाने चांगलीच आहे ती. पण महिन्याभराने आजोबा हात खाली सोडून उभे राहतात, आणि त्यांच्या फाइलमध्ये 'कपड्यांसाठी पूर्ण मदत' अशी नोंद होते. शिकलेली मदतनीस काय करते? खालची दोन बटणं आजोबांची, वरची तिची. किंवा मोठ्या बटणांचा सदरा. आणि ती पाच मिनिटं तिच्या वेळापत्रकात धरलेली असतात. हे शेवटचं मदतनिसाच्या हातात नसतं, ते व्यवस्थापनाने ठरवायचं असतं.

हे एका भेटीत ओळखायचं तर जेवणाच्या वेळी जा. किती जण चालत येतात, कितींना व्हीलचेअरवर ढकलत आणतात? लोक जेवायला खुर्चीत बसतात की व्हीलचेअरवरच? वॉकर भिंतीशी उभे दिसले तर बरं लक्षण. कुणीतरी त्यांना चालत यायला वेळ दिलाय. सगळ्या चाकाच्या खुर्च्या टेबलांना लावलेल्या दिसल्या, तर तिथे वेळ वाचवला जातोय आणि पाय जातायत. मग एखाद्या मदतनिसाला, व्यवस्थापकांना नव्हे, हळूच विचारा: 'या आजी कुठल्या कुशीवर झोपतात?' तिला सांगता आलं तर माणसं टिकून आहेत, रोज बदलत नाहीत. मला हा प्रश्न कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगतो.

करारपत्र. इथे घाई करू नका आणि शेवटच्या पानापासून वाचा. 'रहिवाशाला जागा सोडावी लागेल अशा परिस्थिती' हे कलम शोधा. तिथे 'सेवेची गरज आमच्या क्षमतेपलीकडे गेल्यास' असं मोघम वाक्य असेल, तर क्षमता कुठे संपते ते लिहून मागा. उठवायला दोन माणसं लागली तर? इन्सुलिन? लघवीची नळी? स्मृतिभ्रंश होऊन ती रात्री दाराबाहेर जाऊ लागली तर? हे कोण ठरवणार, नोटीस किती दिवसांची, आणि तोवर जादा मदतीचा खर्च कोणाचा? जागेचा आणि सेवेचा करार वेगळा असेल तर चांगलं; सेवा बदलायची झाली तरी घर जात नाही. रुग्णालयात असताना खोली राखून ठेवतात का आणि त्या दिवसांचे सेवेचे पैसे लावतात का, डिपॉझिट कशातून कापतात आणि किती दिवसांत परत देतात, हेही बघा. सेवेचे 'स्तर' असतील तर एक प्रश्न हमखास विचारा: गेल्या वर्षात कुणाचा स्तर खाली आणला का? वर नेल्याची उदाहरणं भरपूर मिळतील. खाली आणल्याचं एकही नसेल, तर मघाचे आजोबा आठवा.

आणखी एक, जरा जड प्रश्न. 'इथे अलीकडे जे रहिवासी गेले, ते कुठे गेले, स्वतःच्या खोलीत की रुग्णालयात?' चांगलं निवास या प्रश्नाने गांगरत नाही. वेदना कमी करायची सोय, डॉक्टर रात्री येतात का, नातेवाइकांना खोलीत राहू देतात का, हे ते शांतपणे सांगतात. जिथे विषय बदलतात, तिथे शेवटचे दिवस रुग्णवाहिकेत जायची शक्यता जास्त. आईशीही हे बोलून ठेवा, ती धड आहे तोवर. तिचं मत तिच्याकडूनच कळू दे, भावाकडून नको आणि तुमच्याकडूनही नको.

किंबहुना जागा बघायलाही तिला घेऊन जा. पाच-सहा ठिकाणं तुम्ही चाळा, शेवटच्या दोन तिला दाखवा. तिला न पटलेली जागा कितीही उत्तम असली तरी सोडा. नंतर महिनाभर राहून बघायची सोय मागा. बहुतेक ठिकाणी मिळते. जाताना तिचा पलंग आणि तिचा दिवा न्या, आणि पलंगाची जी बाजू घरी भिंतीला होती तीच तिथेही भिंतीला लावा. रात्री पाय सवयीच्याच बाजूला उतरतात. पहिले काही आठवडे ती नाराज राहील, फोनवर रडेलही. त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. मात्र महिना-दीड महिन्यानंतरही तिला तिथल्या एकाही माणसाचं नाव सांगता येत नसेल, तर ते गांभीर्याने घ्या.

हे सगळं ठरायला वेळ लागेल. तोवर तीन कामं या आठवड्यात करा. तिचा रक्तदाब पाच मिनिटं आडवं झोपवून घ्या, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी; वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना कळवा. तिच्या सगळ्या गोळ्या, झोपेच्या आणि दुकानातून आपल्या मनाने आणलेल्याही, एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता आणि 'यातली कुठली बंद करता येईल?' असं विचारा. दोनदा पडलेल्या माणसाच्या पिशवीत बंद करण्यासारखं काहीतरी सापडतंच. आणि बाथरूमच्या वाटेवर आजच दिवा लावा, गळ्यात घालायची बेल आणा. भावाला सांगा, आईचं सध्याचं घर निदान सहा महिने विकायचं नाही आणि भाड्यानेही द्यायचं नाही. परत जाता येतं हे माहीत असलं की तीही मोकळेपणाने राहून बघेल, आणि त्याचा विरोधही बराच मवाळ होईल.